पिंपळीचा वेल, माह्या नावावर

३ जाने., सुरत
पण बोल्लो मी नाईच ना. मामा बोल्ला. बाबाच्या दहाव्याले, पवनारच्या घाटावर. पिंडाले कावळा शिवे ना, ऊन तापलं, मामाले भूक लागली. त्यानंच हात जोडून म्हटलं, "भाऊजी, पोरगा तुमचा परसातला पिंपळीचा वेल सांभाळन." कावळा लगेच आला. आता आईचं दर फोनले तेच. "वेल तुह्यावर हाय, अन् तू तिकडं हाटेलात मसाला कुटून राह्यला." पाणी घालाले सुरतहून येऊ काय रोज.

८ जाने.
आईचे गुडघे धरले. यंदा पिंपळी तोडलीच नाई. म्हटलं, काळ्या मसाल्यापुरती बजारातून आण. "जंगली वेलाची चव बजारात भेटते काय, बाप्पा." फोन ठेवला.

१४ जाने.
आईचा फोन, सकाळी सुपात पिंपळी. हिरवी, ताजी. तिनं तोडली नाई. शेजारची काकू म्हणते मी बी नाई.
माह्या नखात जळजळ. पिंपळी तोडल्यावर होते तशी. काल त सुट्टी होती.

१९ जाने.
वेलाखालची माती रोज ओली रायते म्हणे. मामा म्हणे कापून टाकू. आई कोयता लपवून बसली.
झोपून उठलो तरी पाय गळालेले. मालक म्हणे, "रातभर नांगर हाकला काय बे?"

२६ जाने.
आई आज खूश. म्हटलं, जेवली काय? "तूच त वाढलं." मंग हळूच, "तो निळा सदरा काढ आता, धुवाले टाक." म्हटलं आई, मी सुरतले हाय. "हो, हो."
निळा सदरा इथंच हाय, दोरीवर. बाह्या ओल्या. मी धुतला नवता.

२ फेब्रु.
मामाले घरी पाठवलं, पाह्यून ये म्हणून. तिथूनच त्याचा फोन. "अबे, कवा आला? सांगतलं बी नाई." मी काई बोलावं त पुढं, "मांगं वयून पाह्य ना, दारातच उभा हाय मी. फोनवर बोलतं अन् इकडं पाहत नाईस काऊन?"  फोन चालूच. बादलीतून पाणी ओतल्याचा आवाज.
तवापासून मामा फोन उचलत नाई.

५ फेब्रु.
वर्ध्याचं तिकीट पाह्यलं. काढलं नाई. गेलो अन् दार तिथल्या त्या दुसऱ्यानंच उघडलं त. नाई गेलो त आई त्यालेच...
फोन केला. आई, येऊ काय?  तिकडून, "कोण बोलते?"
म्हटलं मी. पैसे पाठवतो.
"कायले? माहा पोरगा घरीच हाय."
तरी पाठवून राह्यलो. देणारा मी, घेणाऱ्याच्या जागी बी माहंच नाव. दीड हजार.