लक्षद्वीपला निघताना

माले, ता. मुळशी
९ जानेवारी १९८४

तीर्थरूप आत्याबाई,

चांगुणाचा नमस्कार. बाळंतीण जयावन्सं आणि बाळी सुखरूप असतील. तुमच्यासारखी सासू लेकीकडे गेली की घर किती मोठं वाटतं, ते कळलं. म्हैस बरी आहे. वाचून दाखवताना वन्संना त्रास नको म्हणून मोठं अक्षर काढलंय.

बातमी अशी, की मी समुद्रावर निघाले! धरणाच्या पाण्यात बुडी मारायला दर हिवाळ्यात मुंबईची जी पाणबुडी मंडळी येतात आणि ज्यांचा स्वयंपाक मी करते, त्यांनी यंदा लक्षद्वीपसाठी बोट ठरवलीय. पंधरा दिवस बोटीवरच जेवायचं, तिथंच झोपायचं आणि रोज खाली उतरून मासे नि पोवळी बघायची. "चांगुणाबाई, भाकरी करायला तुम्ही नसलात तर आम्ही पाण्यातून वर येणारच नाही," म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. विचारायला तुम्ही जवळ नव्हता.

घरभर पसारा झालाय. बोटीवर जागा कमी, पत्र्याची पेटी चालत नाही, सगळं कापडी पिशव्यांत. तांदळाचं पीठ घेतलं, काळा मसाला घेतला, स्टोच्या पिना घेतल्या. सुकटही बांधली, तर समुद्रावर सुकट नेते म्हणून सगळे हसले. बोट हलली की पोटात ढवळतं म्हणे, म्हणून आलं साखरेत मुरवलंय. साडी नेसून बोटीची शिडी कशी चढणार? पौडच्या शिंप्याकडून दोन पंजाबी ड्रेस शिवून आणले. घालून आरशात बघितलं आणि एकटीच हसत सुटले.

मंडळींचे रबरी पोशाख आपल्याच ओसरीवर वाळत होते. आतून पावडर लावली नाही तर ते अंगात चढत नाहीत. सगळ्यांना पावडर चोळून मीच घड्या घातल्या. हे सोपानरावांनी शिकवलं. पाण्यातल्या चष्म्याला आतून थुंकी लावून धुतात, म्हणजे काच धुरकट होत नाही. तेही त्यांनीच सांगितलं. सोपानराव म्हणजे मंडळींच्या पाठीवरच्या टाक्यांत हवा भरणारे पिंपरीचे फिटर. मागच्या साली तुम्ही त्यांना चहा दिला होता.

आणि आत्याबाई, मी पाण्याखाली जाऊन आले! परवा दुपारी सोपानरावांनी काठाजवळच माझ्या पाठीवर टाकी बांधली. मी म्हटलं, "भ्या वाटतंय." ते म्हणाले, "वाटू द्या. श्वास तेवढा रोखू नका." तळाशी जाऊन बसले. माझेच बुडबुडे वर जाताना दिसत होते. वर आले आणि म्हटलं, आणखी एकदा!

कोंबड्या शेजारच्या चंद्राबाईकडे ठेवणार आहे. दूधही तीच काढेल.

जयावन्सं, इथून पुढचं जरा सावकाश वाचा.

सोपानरावांची बायको वारून बरीच वर्षं झाली. त्यांनी मला विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही, पण मनात हो आहे. मी म्हटलं, आत्याबाईंना सोडून मी कुठंही जायची नाही. ते म्हणाले, "मग मीच मालेला येतो." माझे मालक गेल्यापासून तुम्ही आणि मी एका ताटात जेवलो. मी त्यांना विसरले असं मनात आणू नका. बोटीवर तर मी जाणारच आहे. दुसऱ्या गोष्टीला मात्र तुमचा शब्द हवा.

शुक्रवारी मंडळींची गाडी येईल. हे पत्र जयावन्संच्या यजमानांकडे, बहिरू भावोजींकडे देते. ते परवा पुन्हा तांदूळ न्यायला येतील, त्यांच्याच हाती उत्तर द्या.

वाट बघणारी,
चांगुणा

---

कासारसाई
११ जानेवारी १९८४

चांगुणा,

मी सांगतीया, जया लिवतीया. मला काय आंधळी समजतीस व्हय? चहा दिला तवा त्याचं ध्यान कपात नव्हतंच, दाराकडं हुतं, तू कवा येतीस म्हणून. तवाच वळाखलं. जया वाचताना मधीच थांबली. मी म्हनलं, वाच. मग मला रडू आलं, ते माझ्या गेलेल्या लेकासाठी, देवूसाठी. तुझ्यावर राग न्हाई. त्याला म्हनावं, आपल्या घरात ऱ्हायचं तर म्हशीची धार काढाया शिकाय लागंल. तू जा. खाली लई वेळ बसू नगंस. आल्यावर त्यो ड्रेस घालून मला दाव. आधी पोटभर हसन, मग लगीन कवा ते बोलू.

गंगूबाई

वहिनी, आता माझं. दादाच्या जागी दुसरं कुणी, हे मला अजून जड जातंय. खोटं कशाला लिहू? पण तुम्ही पाण्याखाली बसलात ते वाचताना माझाच श्वास अडकला होता. सांभाळून जा. आणि त्यांना सांगून ठेवा, मी तुम्हांला वहिनीच म्हणणार.

तुमचीच,
जया