आवाज न करणारी गाडी

कोपरगाव,
१० नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल असाल असं धरून चालते, कारण फोनवर तू काही कळू देत नाहीस. परवा मी तुला गाडीचं विचारलं आणि तू मला भाताच्या झोडणीचं सांगितलंस. पुन्हा विचारलं, तर राजूरला रेंज नाही म्हणालास आणि फोन ठेवून दिलास. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

करण गाडी घेतोय. संगमनेरला बदली झाल्यापासून तो रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करतो. आता कारखाने सुरू झालेत. उसाच्या ट्रॉल्यांमागून दुचाकीवर पोरगा येतोय म्हटल्यावर तो दारात दिसेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. यांना गुडघ्याच्या ऑपरेशनपासून उंच गाडीत चढवत नाही, त्यामुळे सेडानच हवी. आणि करणच्या डोक्यात हायब्रिड बसलंय, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही एकाच गाडीत. हळू चालताना मोटर ओढते, वेग घेतला की इंजिन लागतं, ब्रेक मारला की बॅटरी आपोआप भरते. सूनबाईने, रुपालीने, मला हे तीनदा समजावलं, तेव्हा कुठे मी तुला सांगण्याइतपत शहाणी झाले.

दोन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. एक नाशिकच्या शोरूममधली कोरी. तिची किंमत ऐकून यांनी पाणी मागितलं. दुसरी अहिल्यानगरला सावेडीत एका डॉक्टरांकडे आहे, चार वर्षं वापरलेली. बॅटरीची वॉरंटी अजून चार वर्षं उरलीय. आमचा कल जुनीकडे आहे. पण आपल्या घरात विहिरीवरच्या पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत एकही इंजिन तू कान लावल्याशिवाय आलेलं नाही. तेव्हा तेवीस तारखेला, रविवारी, ये आणि ऐकून सांग.

ज्योतीवहिनीला नमस्कार. फोन कट केलास तो केलास, माया तेवढी चालू ठेव.

तुझी,
मनकर्णा


राजूर,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मनकर्णास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. भात झोडून झाला. यंदा इंद्रायणीचा वास बरा उतरलाय, एक गोणी तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवली आहे. भावजींनी किंमत ऐकून पाणी मागितलं ते ठीक केलं, चहा मागितला असता तर तू साखर मोजत बसली असतीस.

गाडीचं म्हणशील तर नवी घ्या. जुन्या गाडीने काय काय भोगलंय ते तिचं तिलाच माहीत. बॅटरीचं काही सांगता येत नाही. करण मिळवता आहे, दोन वर्षं हात आखडून राहील, पण घोर नाही. मला त्या हायब्रिडातलं कळतही नाही. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं डिझेलची इंजिनं उघडली, हे प्रकरण निराळं आहे.

रविवारी येणं जमणार नाही, म्हैस व्यायला झाली आहे. त्याच्या पुढच्या रविवारी इथे एक लग्न आहे. तेव्हा माझी वाट पाहू नका. नवी घेतली की पेढे मात्र पाठवा.

लोभ आहेच, तो कागदावर किती लिहायचा.

तुझा दादा,
बिभीषण


कोपरगाव,
२० नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू नवी घ्या म्हणतोस हे मी यांना वाचून दाखवलं, तर त्यांनी पत्र हातातून घेतलं आणि अक्षर तुझंच आहे का ते बघितलं. अरे, हौसेला मोल नसतं, म्हणून शहाण्याने दुसऱ्याची हौस फिटल्यावर गाडी घ्यावी, हे कुणाचं बोलणं? आमच्या ट्रॅक्टरच्या वेळी तू स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलंस, मूठ कानाला लावलीस आणि डोळे मिटून उभा राहिलास. दलाल बडबडत होता, त्याला हाताने गप्प केलंस. मग म्हणालास, तिसऱ्या सिलिंडरचं काम करून द्या आणि मग भाव बोला. तो ट्रॅक्टर आजही एका झटक्यात सुरू होतो.

काल आम्ही तुझ्याशिवायच ती गाडी बघून आलो. पांढरी आहे, सीट इतक्या बेताच्या उंचीची की हे आधी बसले आणि मग सावकाश पाय आत घेतले, हू की चू नाही. डॉक्टरांच्या बायकोने बटण दाबलं. काहीच झालं नाही. मी म्हटलं, राहू द्या वहिनी, बॅटरी उतरली असेल. तोवर गाडी मागे सरकून फाटकाबाहेर पोचली होती. करण अजून हसतोय.

आता जे विचारायचं ते विचारते. आमचं काही चुकलं का? करणच्या लग्नात मानपानात काही कमी पडलं का? टॉवेल-टोपी हलकी निघाली का? वर्ष झालं, तू इकडे आला नाहीस. फोन केला तर हं हं करतोस आणि ठेवतोस. मला वाटायला लागलंय की माझ्या भावाला मी नकोशी झाले. तसं असेल तर म्हशीच्या आडून सांगू नकोस.

डॉक्टरांनी दुसरं गिऱ्हाईक सात डिसेंबरपर्यंत थांबवलंय. मी करणला सांगितलंय, मामा आल्याशिवाय जुनी घ्यायची नाही आणि मामा म्हणतो म्हणून नवीही घ्यायची नाही. पोराला मोटारसायकलवरच हिंडवायचं असेल तर तसं कळव.

रागावलेय, तरी नमस्कार करते.

मनकर्णा


राजूर,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. मने,
आशीर्वाद.

मानपानाचं मनातून आधी काढून टाक. टॉवेल चांगला होता, टोपी जरा घट्ट आहे, पण टोपीसाठी बहीण सोडणारा मी नव्हे.

राजूरला रेंज आहे. टॉवर आमच्या घरामागेच आहे. मला ऐकू येत नाही.

डावा कान गेल्या दिवाळीच्या सुमारास बंद झाला. उजव्या कानाशी कुणी ओरडलं तर शब्द कळतो. फोनवर तुझा आवाज आहे एवढं समजतं, तू काय बोलतेस ते समजत नाही. म्हणून मी आपला भाताचं सांगत बसतो. वर्कशॉपात तीस वर्षं लोखंडावर लोखंड आपटत होतं, त्यानेच झालं असेल. ज्योतीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही शपथ घातली होती.

एवढंच असतं तर मी तुझ्याकडे आलो असतो, ओरडून बोला म्हटलं असतं. पण मध्ये एक गोष्ट घडली. आमच्या वरच्या आळीचा सूर्यभान तुला आठवत असेल, भाजीपाला बाजारात नेतो. उन्हाळ्यात त्याने जुनी पिकअप बघितली आणि मला घेऊन गेला. मी नेहमीसारखा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. काही ऐकू आलं नाही. तेव्हा मी म्हणालो, इंजिन शांत आहे, घे. मने, तेव्हा मला आपण खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. इतक्या लोकांसमोर, ऐकू येत नाही हे शब्द तोंडातून निघेनात एवढंच. आठव्या दिवशी भरल्या मालानिशी घाटात बेअरिंग गेलं आणि इंजिन जाम झालं. जे बेअरिंग वाजत होतं ते कुणाही शाळकरी पोराला ऐकू आलं असतं.

सूर्यभान मला आजतागायत एक शब्द बोललेला नाही. त्याच्या दारावरून जाववत नाही, म्हणून मी बाजाराला बांधाने फिरून जातो. कोरी गाडी घ्या असं लिहिलं ते याचसाठी. कोऱ्या गाडीला माझा कान लागत नाही. माझ्या शब्दावर तुमचा करण घाटात अडकला तर मी काय तोंड दाखवू?

आता तुला कळलं. भावजींना सांगायचं तर सांग.

बिभीषण


कोपरगाव,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझा असा राग आला की पोळी करपली. वर्षभर मी इथे काय काय मनात आणत होते. भाऊ तुटला म्हणून झुरत होते, आणि तू तिकडे एका कानासाठी तोंड लपवून बसलास. कान गेला तर गेला. आत्याबाईंचे दात गेले तेव्हा त्यांनी गाव सोडलं होतं का?

आता माझं ऐक, म्हणजे वाच. येत्या सहा तारखेला, शनिवारी, करण आणि रुपाली मित्राची जीप घेऊन राजूरला येतील. तू त्यांच्याबरोबर अहिल्यानगरला जायचं आणि गाडी बघायची. बॅटरीची तपासणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होते, तिचा कागद करणने काढलाय, ठीक आहे म्हणतात. बाकीचं तू बघ. डोळे आहेत, हात आहेत, आणि समोरच्याचं तोंड बघून माणूस ओळखायचास ते काही कानाने नव्हे. ऐकायचं काम रुपाली करील. तिचे कान सासूच्या पावलांवर तयार झालेत.

नाही म्हणालास तर मला ऐकू येणार नाही. हा आजार आपल्या घराण्यातच आहे.

सूर्यभानचं तुझं तू बघ, त्यात मी पडत नाही. पण किती दिवस बांधाने जाशील, पायाला काटे मोडतील.

माया करते म्हणून एवढं बोलते, पोटात घाल.

तुझी,
मनकर्णा


राजूर,
१२ डिसेंबर २०२५

चि. सौ. मनकर्णास,
दादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

करणने तुला सगळं सांगितलं असेल, पण तो गाडीचं सांगेल. माझं मी सांगतो.

डॉक्टरांच्या फाटकातच मी म्हणालो, मला ऐकू येत नाही, बोलायचं ते या मुलीशी बोला. बाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदा सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि किल्ली रुपालीच्या हातात दिली. इतकंच झालं. एवढ्याशासाठी मी वर्ष काढलं.

मग बटण दाबलं. मला काही ऐकू आलं नाही ते सोड, करणलाही काही ऐकू आलं नाही, रुपालीलाही नाही. गाडी चालू आहे की बंद हे बघायला चौघंही काचेमागच्या हिरव्या दिव्याकडे वाकलो. माझ्यासाठीच बनवल्यासारखी गाडी आहे, असं मी म्हणालो. डॉक्टर हसले.

केडगावपर्यंत जाऊन आलो. इंजिन लागलं की पायाखाली कळत होतं. चाळीसच्या पुढे गेल्यावर दारावर ठेवलेल्या माझ्या तळव्याला बारीक थरथर लागली. रुपालीला विचारलं, काही येतंय का. ती आधी लाजली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली की लांबवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर येतेय, आणि उजवीकडे वळलं की वाढते. मने, मी तीस वर्षांत किती पोरं शिकवली, पण आवाज असा नेमका सांगणारं एकही भेटलं नाही. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या बाजूला येतो. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आहे, मी म्हणालो. चाक काढून बघितलं तर तेच निघालं. तुझी सून स्वयंपाकघरात अडकवू नकोस.

मागच्या सीटखाली एक जाळी दिसली. ती कशाला विचारलं, तर करणने मोबाइलवर बघून सांगितलं की बॅटरीला गार ठेवायला त्यातून हवा जाते. जाळी कुत्र्याच्या केसांनी भरलेली होती. डॉक्टरांची बायको ओशाळली. हायब्रिडातलं मला कळत नाही, पण ज्याला जाळी आहे त्याला श्वास लागतो एवढं कळतं. दोन्ही कामं डॉक्टर करून देणार आहेत. गाडी घ्या असं मी करणला सांगितलं आणि सांगताना आवाज कापला नाही. पुढच्या आठवड्यात ती तुमच्या दारात येईल. भावजींना मागच्या सीटवर बसवा, पण जाळीपुढे पिशव्या ठेवू देऊ नका.

कानात घालायच्या मशीनचं तू बोलणारच, म्हणून आधीच सांगतो. मंगळवारी संगमनेरला कानाच्या डॉक्टरांकडे जातोय.

आता शेवटचं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सूर्यभानच्या घरी गेलो. तो अंगणात क्रेट धूत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मला त्या दिवशी काही ऐकू आलं नव्हतं आणि तरी मी इंजिन चांगलं आहे म्हणालो. त्याने हात पुसले, जवळ आला आणि मला कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलला. तात्या, म्हणाला, मला तवाच कळलं हुतं. मी मागून दोनदा हाक मारली, तुमी वळलाच न्हाई. मी विचारलं, मग गाडी का घेतलीस. तर म्हणाला, तुमी कान लावल्यावर मी दुसऱ्या कुनाला इचारायचं, तर तुमाला चारचौघांत काय वाटलं असतं. पुढे म्हणाला, इंजिन गेलं त्याचं काय न्हाई, नवं बसलं. पन तुमी बांधानं जायला लागले, त्याचं लई वाईट वाटलं.

त्याच्या बायकोने चहा आणला, तो घेतला. मग त्याच्या दारावरूनच बाजाराला गेलो.

तुम्हा सगळ्यांची वाट बघतो. गाडी घेऊन या, आणि येताना ओरडून बोलायची तयारी ठेवा.

तुझा दादा,
बिभीषण