वरून दुसरं वाक्य

२१ जुलै
आज पुन्हा तेच. डॉ.नी सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता अख्खा परिच्छेद सांगितला. मी टाइप केला, खाली हलवायला म्हणून कट केला, आणि मध्येच एका पेशंटचा फोन नंबर कॉपी केला. परिच्छेद गेला. पुन्हा सांगता का म्हटलं तर नुसतं पाहिलं माझ्याकडे. ओरडले असते तर बरं.
सेल्वी, आमच्या लॅबमध्ये काचा तयार करते ती, बोलली, "वत्सलाक्का, कॉपी केलेलं सगळं लक्षात ठेवणारं मिळतं हल्ली. टाकून घ्या."

२३ जुलै
तीन पाहिली. पहिलं कंप्यूटरमध्ये असतंच, नुसतं चालू करायचं. शेवटी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दाखवतं, मशीन बंद केलं की विसरतं. दुसरं उतरवून घ्यायचं, फुकट. महिनोन्महिने ठेवतं, तारखेसकट. तिसरं दिसायला गोड, पण खातं उघडा म्हणतं आणि इथलं सगळं फोनवरही पाठवतं. लोकांच्या गाठींचे रिपोर्ट माझ्या फोनवर? नको गं बाई.
मला दुसरं पसंत. डॉ.ना विचारलं. "पेशंटची नावं, आजार, सगळं साठवून ठेवणार? मशीन दुरुस्तीला गेलं तर? विसरणारंच बरं." पटलं. पहिलं चालू केलं.
रात्री जेवताना आईला सांगितलं. आई: "आडी महिना चाललाय. आडींत नवें कांही आणूं नये." म्हटलं, आणलं कुठे, मशीनमध्ये होतंच. "मग तर आणखीच वाईट."
हसले मी.

३० जुलै
काय सोय आहे! सुईनं काढलेल्या नमुन्यांना तीनच ठरलेली वाक्यं लागतात. चांगलं, संशय, वाईट. डॉ. एक शब्द बोलतात, मी यादी उघडून वाक्य उचलते. सकाळी आल्याबरोबर तिन्ही एकदा कॉपी करून ठेवते. वरून पहिलं चांगलं, दुसरं संशय, तिसरं वाईट. बोटांना पाठ झालंय. वाचावंही लागत नाही.
एक ध्यानात ठेवायचं: मध्ये नंबर किंवा नाव कॉपी केलं की यादी एकेक घर खाली सरकते.
संध्याकाळी डॉ. गठ्ठ्यावर सह्या करतात. तेही वाचत नाहीत.

८ ऑगस्ट
दुपारी एका सर्जनचा फोन. डॉ.नी स्पीकरवर घेतला, हातात काच होती म्हणून. "सर, रिपोर्टमध्ये काही नाही म्हणताय. हाताला लागतंय ते वेगळं आहे. एकदा काच पुन्हा बघाल?"
सेल्वीनं काच काढून दिली. डॉ.नी पाहिलं. फार वेळ लागला नाही.
"वत्सला, मी काय बोललो होतो?"
आठवत नव्हतं. काय बोलले होते ते काचेत दिसतच होतं.
त्या पेशंटचं वेळेवर कळलं. पण तो एकटाच असेल कशावरून?

९ ऑगस्ट
सकाळी पहिल्यांदा यादी उघडून बघितली. रिकामी. असणारच. रोज संध्याकाळी मशीन बंद करते मीच.
कुणाच्या कागदावर वरून कितवं वाक्य गेलं, सांगायला काही नाही. आता काचाच सांगतील. डॉ. बोलले, यादी चालू केल्यापासूनची एकेक काच पुन्हा बघू. नवे नमुने थोडे थांबवले. बाहेर बाकावर बसलेल्यांना सेल्वी सांगते, मशीन बिघडलंय.

११ ऑगस्ट
सेल्वी ट्रे काढते, मी नंबर आणि रिपोर्टमधलं वाक्य वाचते, डॉ. बघून "हं" म्हणतात. कालचा दिवस, आजची सकाळ, नुसतं हं, हं. जीव जरा खाली बसत होता.
जेवणानंतर एका काचेला "हं" आलं नाही. मी वाक्य पुन्हा वाचलं. चांगलं. तरी नाही. डॉ.नी खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढला.
कामाक्षी. पट्टीश्वरम्. स्तनातली गाठ.
ही मला आठवते. देवळाबाहेर फुलं विकते. कागद हातात घेऊन उभी होती, "अम्मा, इंग्रजी आहे, काय लिहिलंय?" मीच तमिळमध्ये सांगितलं, काही नाही, घाबरू नका. तिनं माझे दोन्ही हात धरले होते. हात ओले, जाईचा वास.
सांगितलं मीच.

१२ ऑगस्ट
तिचा फोन बंद. सकाळपासून करतेय. तिला आमच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांना आमच्या डॉ.नी विचारलं. ते: "ती परत आलीच नाही. रिपोर्ट चांगला आल्यावर कशाला येईल?"
बाकी काचा आज संपल्या. नवी चूक ती एकच.
एकच, असं लिहिलं आणि लाज वाटली.

१३ ऑगस्ट
टाऊन बसनं पट्टीश्वरम्. दुर्गेपुढे लिंबाच्या सालीत दिवे लावणाऱ्यांची हीऽऽ गर्दी. कामाक्षीची फुलांची जागा मोकळी. शेजारच्या नारळवालीनं घर दाखवलं. कुलूप.
शेजारीण बाहेर आली. "ती तिरुप्पूरला, मुलीकडे. मुलगी बनियन कंपनीत आहे."
पत्ता? माहीत नाही. मुलीचा नंबर? "तीच करते कधीतरी. तुम्ही कोण, अम्मा?"
लॅबमधली, म्हटलं. तिचा चेहरा उजळला. "त्या गाठीचं ना? ती तर दुर्गेनं घेतली. रिपोर्ट आला त्या दिवशी गल्लीभर साखरभात वाटला."
तिला काय सांगणार. ज्याचं त्याला सांगायचं. माझा नंबर दिला, फोन आला की लगेच द्या म्हटलं. ती हो हो करत होती. किती समजलं कोण जाणे.
परत येताना बसमध्ये कुणाच्या तरी केसांत जाई होती. दोन स्टॉप आधीच उतरून मेलकावेरीला घरापर्यंत चालत आले.

१४ ऑगस्ट
डॉ.नी केबिनमध्ये बोलावलं. आवाज फार मऊ.
"कामाक्षीचा नवा रिपोर्ट काढून ठेव. जुन्या तारखेनंच."
"जुन्या?"
"फाइलमध्ये बरोबर असलेलं बरं. तिला तर आपण बोलावतोच आहोत ना." मग थोडं थांबून, "त्या यादीत काही राहत नाही ना गं?"
"नाही."
"बरं झालं."
जेवणानंतर काढते म्हटलं. काढला नाही. सेल्वी सगळं ऐकत होती, ट्रे पुसत. पुसलेलेच ट्रे.
डॉ. वाईट माणूस नाहीत. अप्पा आजारी होते तेव्हा घरी येऊन बघून जायचे. म्हणूनच...

१६ ऑगस्ट
काढला. आजच्या तारखेनं. वर ठळक: दुरुस्त रिपोर्ट. वाक्य टाइप केलं, अक्षर न् अक्षर, कुठून उचललं नाही.
आणि कुणाला न विचारता ते दुसरं उतरवून घेतलं. तारखेसकट ठेवणारं. आता मशीन बंद करते तेव्हा ते विसरत नाही. मला त्याचा आधार वाटतो की भीती, सांगता येत नाही.
डॉ.नी कागद पाहिला. तारीख पाहिली. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "ठेव," एवढंच. सही नाही.
आई: "तूं जेवत नाहींस. काय झालें?" काही नाही, म्हटलं. हा शब्द आता मला बोलवत नाही.

२० ऑगस्ट
शेजारणीचा फोन! नंबर मिळाला. लगेच लावला. कामाक्षीच आली फोनवर.
"अय्यो, लॅबच्या अम्मा! कशा आहात?"
गाठ कशी आहे विचारलं. "आहे तशीच. जरा घट्ट झालीय. तुम्ही काही नाही म्हणालात ना, मी लक्षच देत नाही."
सांगितलं. चूक झाली, कागद चुकीचा होता, माझ्या हातून. लगेच या.
पलीकडे शिवणयंत्रांची घरघर. मग अगदी हळू: "अम्मा, तेव्हा खोटं सांगितलंत की आता सांगताय?"
आता खरं, म्हटलं. "तेव्हाही असंच सांगितलंत. हाच आवाज."
ठेवला तिनं. पुन्हा लावला, उचलला नाही.
सरळ डॉ.च्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, तिचं वाक्यसुद्धा. डॉ.नी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. मग कागद मागितला आणि सही केली. मी घातलेल्या तारखेवर बोट ठेवून.

२४ ऑगस्ट
काल कामाक्षीच्या मुलीचा फोन. आई येते म्हणाली, सकाळच्या बसनं, एकटीच. सोबत ये म्हटलं तर, सुट्टी मिळत नाही.
सकाळपासून दरवाजाकडे डोळे. डॉ.नी सर्जनला सांगून ठेवलंय. सेल्वीनं दोनदा बसस्टँडला चक्कर मारली.
दुपार गेली. मुलगी म्हणते, बसमध्ये मीच बसवून दिलं. पट्टीश्वरम्ची शेजारीण म्हणते, इकडे आली नाही. कामाक्षीचा फोन बंद.
दिवे लागले. सेल्वीनं शटर अर्धं ओढलं, पूर्ण नाही. डॉ. कोट घालूनच बसलेत, घरी जा म्हटलं तर जात नाहीत. सही केलेला कागद टेबलावर आहे. मशीन चालूच ठेवलंय.
बाहेर रिक्षा थांबली आत्ता. कोणी उतरतंय. बघायला उठते.