नम्रताच्या गाण्याखालचा चेहरा

प्रिय दमयंतीताईस,

रत्नागिरीहून तुझ्या धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही खुशाल. हेमाच्या कंबरेला आराम आहे (म्हणजे भांडी मी घासतो). मिरजेत भाऊजींचे गुडघे काय म्हणतात?

इकडे पाळकसाहेबांनी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना सोशल मीडियावर कसं वागावं हे शिकवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी निवृत्त मास्तर. विषय आपल्याला येतो का, हे बघून शिकवायची आमची रीत नाही. तरी अभ्यासापुरतं इन्स्टाग्रामवर खातं उघडलं, तर पहिली दिसली आमच्याच वर्गातली नम्रता. उपासनेत गीत म्हणताना बिचारीचा सूर वर जाऊन अडकला होता. तिच्याच वर्गातल्या शार्दूलने नेमका तेवढाच तुकडा टाकलेला, मागे बकरीचं ओरडणं जोडून! मला फार वाईट वाटलं. ते कळवावं म्हणून डोळ्यांत पाणी असलेला एक चेहरा शोधून दाबला. (ते पाणी हसून हसून आलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं होतं?)

रविवारी नम्रता आली नाही. मी मात्र रंगात आलो होतो. दुसऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं वाटतं, तसंच आपण वागावं, वगैरे. शार्दूल उठला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, तिच्या व्हिडिओखाली तुम्हीही हसलायत. ते बघून ती जास्त रडली म्हणे."

ताई, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि कुणी तुझ्यावर नाराज आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू सांगतो. धडा अर्धा सोडला आणि सगळा वर्ग घेऊन भर उन्हात पूल ओलांडून भाट्याला नम्रताच्या घरी निघालो. हातात बायबल घेतलेली एवढी माणसं दारात बघून नम्रताच्या आईने कपाळाला हात लावला, "अगो बाई, कोण गेलं?"

नम्रता स्वयंपाकघरातून बाहेर येईना. मी दाराशीच उभा राहून म्हटलं, "पोरी, मी हसलो नव्हतो गं. पण तुला लागलं ते खरं. माफ कर." शार्दूलने तिथेच सगळ्यांसमोर व्हिडिओ काढून टाकला आणि म्हणाला, "माझ्या बहिणीचं कुणी असं केलं असतं, तर मी त्याला फोडला असता."

मग आतून तिचा आवाज आला, "बकरी तरी सुरात होती का?"

सगळे हसले, तीही. कोकम सरबत पिता पिता पोरांनी आपणच ठरवलं, की ज्याचा चेहरा, त्याला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. माझं अर्धं राहिलेलं व्याख्यान कुणालाच आठवलं नाही. मलाही चाललं. पुढच्या रविवारी नम्रता तेच गीत पुन्हा म्हणणार आहे.

तुझा,
हरिश्चंद्र

ता. क. शार्दूलने काढला, तरी तो व्हिडिओ मिरजेच्या भगिनी मंडळाच्या ग्रुपवर अजून फिरतोय. तिथे तो तू टाकलायस. तेवढा काढ, बाकीच्यांनाही काढायला लाव आणि नम्रताला स्वतः फोन कर.

दुसरा ता. क. नाताळात तुमच्या मंडळात गाण्याचं आमंत्रण मी तुझ्या नावाने तिला देऊन टाकलंय. तुला विचारायचं राहून गेलं.