फिरती पेटी कोणाच्या नावावर

मी, सुमेधा विश्राम केळुसकर, वय वर्षे शहात्तर, जिल्हा परिषदेची सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. वल्लरी गुप्ते यांनी दिला आहे, आणि तो देण्याआधी त्यांनी मला पाढे विचारले, हे मी विसरलेली नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणून पाहिलेल्यांचे काय होते, ते माझ्या मुलांना विचारावे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे माझे यजमान विश्राम यांच्या नावे केले होते, आणि त्यांनी माझ्या आधी जाऊन तो कागद वाया घालवला.

१. राहता फ्लॅट मुलगा सुश्रुत आणि मुलगी ऋजुता यांना समान वाट्याने मिळावा. विकावा की ठेवावा ते दोघांनी ठरवावे, पण ठरवताना एकमेकांचे बालपण उकरू नये. ऋजुता वकील आहे आणि सुश्रुत हट्टी आहे, त्यामुळे एकदा सुरू झालेले भांडण संपणार नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी ऋजुताने करावी.

२. माझे दागिने ऋजुताला. पैठणी सुनेला, कारण ऋजुता ती नेसणार नाही आणि पडद्याला वापरेल. विश्राम यांची हत्यारांची पेटी, म्हणजे बारीक पेचकस, चिमटे आणि भिंग, कोणी भंगारात टाकू नये. ती कलम तीनमधील वस्तूंबरोबर जावी.

३. आता मुख्य गोष्ट. तिच्यासाठी हा सारा खटाटोप.

खडवलीच्या पलीकडे पाच वाड्या आहेत आणि त्यांच्या पाच छोट्या शाळा. प्रत्येकीत शिक्षक दोन, वर्ग चार, आणि पटावरची मुले इतकी कमी की दरवर्षी कोणीतरी विचारतोच, ही शाळा चालू कशाला ठेवायची? या शाळांची देखरेख माझ्याकडे आली, तेव्हा तालुक्याच्या बैठकीत निकाल वाचताना आमचे नाव शेवटी येई आणि वाचणारा तोवर कागदाची घडी घालू लागलेला असे.

पहिल्याच फेरीत मी एका शाळेचे कपाट उघडायला लावले. आत सूक्ष्मदर्शक होता, थर्माकोलमध्ये जसा आला तसा. शेजारी पृथ्वीचा गोल, प्लास्टिकसकट. मी मुख्याध्यापकांना विचारले, हे मुलांनी पाहिले का?

"बाई, लांबून दाखवलाय. हात लावायची सोय नाय. डेडस्टॉकच्या नोंदवहीत माझं नाव आहे. फुटलं तर माझ्या पगारातनं जाणार."

मला राग आला, पण त्यांचा नाही. ते गृहस्थ पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत येत आणि स्वतःच्या खर्चाने खडू आणत. सरकारी वस्तू धड ठेवणे हेच काम असे त्यांना नोकरीभर शिकवले गेले होते. पाचही शाळांत कपाटे भरलेली होती आणि मुलांचे हात रिकामे होते.

घरी येऊन मी विश्राम यांच्यापुढे चडफडले. ते एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. ते म्हणाले, "मग आपलं स्वतःचं घेऊ. आपलं फुटलं तर आपण रडू."

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून त्यांनी जुना सूक्ष्मदर्शक आणला, स्वतः उघडून साफ केला. त्याच्या जोडीला तराजू, चुंबक, परीक्षानळ्या, पुस्तके असे करत पत्र्याची पेटी भरली. ती माझी खाजगी मालमत्ता. कुठल्याच शाळेच्या नोंदवहीत नाही, म्हणून कोणाच्याही पगारातून जाणार नाही. ती महिनाभर एका शाळेत राहते, मग शनिवारी पुढच्या शाळेत जाते. ती घेऊन मुले चालत जातात, आणि नव्या शाळेत पेटीवरचा पहिला तास तीच मुले घेतात. गुरुजी खाली मुलांत बसतात. हा नियम माझा नव्हे. आमच्या शिक्षकांनीच तो काढला, आणि मी आयुष्यात पाहिलेली ती सर्वांत हुशार कल्पना आहे.

कारण दुसऱ्या शाळेत जाऊन उभे राहायचे म्हणजे अब्रूचा प्रश्न. मुले काय पाहिले ते लिहू लागली, लिहिलेले मोठ्याने वाचून पाहू लागली, अडले की भांडून विचारू लागली. वाचन सुधारले ते असे. मग गणित सुधारले, आणि पुढे शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आमच्या वाड्यांची नावे दिसू लागली. पेटीने हे केले असे मी म्हणणार नाही. पेटी पत्र्याची आहे. हे त्या शिक्षकांनी आणि मुलांनी केले, आणि त्यांच्याइतके कौतुक मला माझ्या पोटच्या मुलांचेही वाटलेले नाही. सुश्रुत आणि ऋजुता यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

"यांना आधी वाचता येऊ द्या, मग सूक्ष्मदर्शक," असे भर बैठकीत म्हणणाऱ्या साहेबांना मी माफ केलेले नाही. मृत्यूनंतरही करणार नाही.

४. पेटी कोणाला द्यावी, यावर मी वर्षभर डोके खाजवले. सुश्रुत म्हणाला, "आई, झेडपीला दान करून टाक ना, तुझ्या नावाचा बोर्ड लागेल." बोर्ड लागेल आणि त्याच दिवशी कुलूपही लागेल. एखाद्या शिक्षिकेला द्यावी तर तिची बदली होते. माझ्या मुलांना द्यावी तर ती माळ्यावर जाईल. पेटीला असा मालक हवा, ज्याला फुटण्याची भीती वाटत नाही.

तर पेटी, तिच्यातील सर्व वस्तू आणि विश्राम यांची हत्यारे मी कु. करिश्मा दौलत विशे हिला देते. ती आज कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. चौथीत असताना तिने सूक्ष्मदर्शकाची नळी खाली नेता नेता भिंग काचपट्टीवर टेकवले आणि फोडले. पेटीतले पहिले नुकसान. मग ती शाळेतच येईना. तिचे वडील दौलत कोंबडी घेऊन माझ्यापुढे उभे राहिले, भरपाई म्हणून. मी म्हटले, "दौलत, कोंबडी न्या आणि पोरगी पाठवा. फुटलेलं भिंग बदलायला तीच लागणार आहे." विश्राम यांनी ते तिच्याच हातून बदलून घेतले. पुढच्या शनिवारी नव्या शाळेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "हे असं खाली आणलं की फुटतं. मी फोडलंय. आता तुम्ही सावकाश आणा."

इतका चांगला धडा मी माझ्या नोकरीत दुसरा ऐकला नाही.

५. माझ्या ठेवीतून दिवसकार्य न करता साधा अंत्यविधी करावा आणि उरेल ते पेटीच्या दुरुस्तीसाठी करिश्माच्या हाती द्यावे. वस्तू फुटल्यास कोणी चौकशी करू नये. फक्त कशी फुटली ते पुढच्या शाळेत सांगावे.

सहीपूर्वी हाताने घातलेली भर:

साक्षीदार म्हणून मी डॉ. वल्लरी आणि करिश्मा यांना बोलावले होते. करिश्मासोबत संचिताही आली. ती त्या पाच शाळांपैकी एकीत शिकवते. करिश्मा पेन उघडून बसली, तशी ऋजुताने तिचा हात धरला.

"तू नको सही करूस गं."

"का? माझी सही चालत नाय का?"

"चालते. पण ज्याला मिळायचंय त्यानेच साक्षीदार होऊ नये. उद्या कोणाला बोट ठेवायला जागा नको."

"मला काय मिळायचंय?"

तिने कागद ओढून घेतला आणि कलम चार वाचले. वाचून झाल्यावर पदराने डोळे पुसायचे काम मी केले, तिने नाही. ती संचिताकडे वळली.

"ताई, पेटी आता तुमच्याकडे आहे ना? पुढं कधी जाणार?"

"या शनिवारी."

"मग मी सुट्टी टाकते. पहिला तास मी घेणार."

मी अजून जिवंत आहे, असे म्हणायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. म्हटले नाही. आता सही करते.

सुमेधा विश्राम केळुसकर

आमच्या दोघींच्या समोर, बाईंनी हसत हसत आणि पूर्ण समजून वरील सही केली, म्हणून आम्हीही सह्या केल्या:

१. डॉ. वल्लरी गुप्ते, डोंबिवली पूर्व
२. सौ. संचिता सुदेश पष्टे, खडवली (करिश्माऐवजी)

स्थळ: डोंबिवली
दिनांक: १५ डिसेंबर २०२४, रविवार