सीट खाली नको

जबलपूर
रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय यशूताई,

नमस्कार. तू बरी असशील, तुझ्या वर्गातली पोरं तुला घाबरून असतील. इकडे आम्ही दोघं मजेत. बाबांची साखर ठीक आहे, भाजीतलं मीठ मी विसरतो.

पाकीट बघून म्हणशील, फोन काहून नाही केला? केला होता ना. पण बाबांच्या हातून मी फोन घेतला की लगेच तुझ्या कुकरची शिट्टी होते. नागपूरचे कुकर फारच कामसू दिसतात. म्हणून लिहून राहिलो. शुद्धलेखन तपासू नको.

मोठी बातमी, गाडी पसंत झाली! जुनीच आहे, पण सेडान. राखाडी, लांबलचक, मागे बसून पाय पसरता येतात.

आपली लाल गाडी, आपलं टमाटर, आता थकलं, ताई. एकवीस वर्षं म्हणजे गाडीचं म्हातारपणच. मागच्या आठवड्यात बाबांना दवाखान्यात नेताना कमानिया गेटपाशी भर बाजारात बंद पडलं. मी मागून ढकलतोय आणि बाबा आत बसून हातानं गर्दी हटवतायत, जशी काही त्यांची मिरवणूक निघाली आहे. थांबावंच लागलं, म्हणून मी खोव्याची जिलेबी घेतली. गरम होती. तुझ्या सासरचे ती काळी दिसते म्हणून खात नाहीत ना? त्यांना म्हणावं, डोळे मिटून खा. बरं, गाडीचं सांगत होतो.

खरी अडचण बाबांच्या पायाची आहे. मांडीत रॉड टाकल्यापासून गुडघा अर्धाच वाकतो. उंच गाडीत चढता येत नाही, बुटक्या गाडीतून उठता येत नाही. टमाटरमधून काढताना मी काखेत हात घालून ओढतो, तेव्हा ते लोकांकडे न बघता आभाळाकडे बघतात. मग त्यांनी दवाखान्याशिवाय बाहेर पडणंच सोडलं. तुला फोनवर सांगतात ना, 'फिरून आलो'? गॅलरीपर्यंत फिरून येतात.

तर सदर बाजारातले योगेंद्र भैया त्यांची गाडी विकत आहेत असं कळलं. बाबांनी स्वतः फोन लावला. बाबांची हिंदी तुला माहीत आहे, सगळा जन्म जबलपुरात गेला तरी आतून मराठीच. ठणकावून म्हणाले, "देखो भैया, पीछे की सीट खाली नहीं होना! खाली सीट हमको चलेगी नहीं." त्यांना म्हणायचं होतं, सीट बुटकी नको. भैया म्हणाले, "जी बाबूजी, समझ गए."

काल सकाळी गाडी दाराशी आली. भैया चालवत होते, आणि मागे त्यांची आई, बायको आणि एक भरभक्कम मेहुणा. तिघंही लग्नाला निघाल्यासारखे नटलेले.

बाबा म्हणाले, "ये सब कौन?"

"आप ही ने तो कहा था, सीट खाली नहीं होना. देखिए, भर के लाए हैं!"

हिंदीत खाली म्हणजे रिकामी, हे बाबांना काय माहीत नाही? पण तोंडात घरचा शब्द आधी येतो. मी गेटला धरून हसायला लागलो. बाबांनी डोळे वटारले, "हसून काय राहिला? चहा टाक सगळ्यांसाठी!" आणि मग स्वतःच असे हसले, की कवळी सांभाळावी लागली. तीन माणसं आरामात मावतात का, हे मात्र विचारायचं कामच उरलं नाही.

चहा झाल्यावर बाबा गाडीत बसायला गेले आणि नेहमीसारखा पाय आधी आत घालू लागले. भैयांची आई, सत्यवती अम्मा, ओरडल्या, "अरे भाईसाहब, पाँव बाद में! पहले पीठ करके बैठो, फिर घूम जाओ." त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्यांनी स्वतः बसून दाखवलं. बाबांनी तसंच केलं. पाठ करून टेकले, वळले, दोन्ही पाय आत. कोणी ओढलं नाही, ताई. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मी चाकातली हवा बघायला वाकलो. हवा बरोबर होती.

मग भैयांनी विचारलं, "बाबूजी, चलाएगा कौन?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं आणि मला मराठीत म्हणाले, "किती दिवस? पहिल्या तारखेला गोव्याला चालला ना तू, होस्टेलच्या कामावर? महिनाभरासाठी गाडी कशाला घेऊन ठेवू?"

रागानं नाही, अगदी साधं विचारलं. म्हणूनच लागलं.

मी म्हणालो, "नाही जात. मी आहे."

"मला नको सांगू. यशूला सांग, लिहून. ती मानली, तर मी भैयाला हो म्हणतो."

म्हणून हे पत्र. आता जिलेबीचं वगैरे काही सांगण्यासारखं उरलं नाही, तर लिहून टाकतो. जानेवारीत बाबा पडले, तेव्हा तू सतरा वेळा फोन केलास. मी सगळ्यांना सांगितलं, हिमाचलात रेंज नव्हती. रेंज होती. मी तुझं नाव बघितलं. वाटलं, बी. कॉम.चा फॉर्म भरला का म्हणून रागावशील. फोन पालथा ठेवला आणि तिथल्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात पुन्हा पराठे लाटायला लागलो. तू दीड महिना एकटीनं दवाखाना केलास आणि मी लोकांचे पराठे भाजत होतो. बाबांना हे मी काल रात्री सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." तुलाही वाटलंच असेल.

गोव्याला 'येत नाही' असं कळवलं आहे. पाय शिवशिवतात, खोटं कशाला बोलू. पण इथून बरगीच्या धरणापर्यंत गाडी नेली तरी शिवशिव कमी होईल, आणि मागे बसून बाबा 'हळू, हळू' करतील तेव्हा करमेल.

भाऊबीजेला आम्ही दोघं नागपूरला यायचं म्हणतो, त्याच गाडीनं. तू नको म्हणालीस तर टमाटरच राहील आणि बाबा गॅलरीपर्यंत फिरतील. एवढं तुझ्या हातात आहे. ओवाळायचं नसेल तर नको ओवाळू. बाबांना गाडीतून उतरताना मात्र बघ.

उत्तर जबलपूरच्या पत्त्यावरच पाठव. मी घरी आहे.

तुझा भाऊ,
वेदांग