आप्पांची आयडी

५ जुलै, शनि.
मोबाइल घरी विसरून मार्केटमधल्या दुकानावर कामाला गेले. संध्याकाळी पाहते तर माझी रँक कोसळलेली. आप्पांनी दिवसभर माझ्या आयडीवर तो बंदुकांचा गेम खेळला. अकरा मॅच, अकराही हरले. कापडाच्या लूमवरचं काम सुटून घरी बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कशाला तरी हात लावला, आणि त्यात हे. 'माले आते काहीच जमत नही,' म्हणाले, अन् भिंतीकडे तोंड करून पडले.
चूक माझीच. तीन वर्षं खेळून चढवलेली रँक; गेम समोर माझ्या तोडीचेच आणणार. आप्पांना काय माहीत. त्यांना वाटलं सगळं जग पुढे गेलं.

६ जुलै, रवि.
आईच्या मोबाइलवर त्यांची वेगळी आयडी काढून दिली. समोर सगळे नवखे. चौथी मॅच जिंकले! जेवताना स्वतःहून आणखी भाकरी मागितली. ह्या गेमला आईने आजवर इतक्या शिव्या घातल्यात, आज तिनेच लगेच आणखी एक थापली. फार बरं वाटलं.

९ जुलै
'तू बी ये' म्हणाले. पण जोडीने खेळलं की गेम माझी रँक धरतो, तगडेच समोर येतात. आप्पा दर वेळी पहिले मरतात. जवळ येणाऱ्याची पावलं ऐकूच येत नाहीत ना. तीस वर्षं लूमचा खडखडाट, कान तिथेच गेले. त्याच खडखडाटाच्या पैशावर मी शिकले.
दुकानातल्या हेतलला सांगितलं. ती म्हणे, 'नवी आयडी बनावी ले ने, कोने खबर पडवानी?' नवी काढ, कुणाला कळतंय!

१३ जुलै, रवि.
बनवली. कागदोपत्री मीही नवखी. सहा मॅच धडाधड मारल्या. मी खुशीत, आणि आप्पांनी मोबाइल खाली ठेवला. 'तुना हात नवा नही शे. समोरना नवा शे.'
मग सांगत बसले. नव्या माणसाला आधी दोनच लूम देत, जुन्याला आठ. नव्यावर कुणी आठ लादत नसे. आणि जुना दोनवर बसून नव्याला हिणवायला लागला, तर सगळा कारखाना त्याच्याशी बोलणं टाकायचा.
त्यांच्यासमोरच ती आयडी उडवली. रागावले नाहीत, ते जास्त लागलं.

१७ जुलै
परत आपापल्या खऱ्या आयडीवर. हरतोय, पण वेगळंच चाललंय. लूमवर एकमेकांचं बोलणं ऐकू जात नसे, हात सुतात अडकलेले, म्हणून ते लोक हनुवटीने बोलायचे. हनुवटी डावीकडे, म्हणजे डावीकडे सूत तुटलंय. भुवया वर, म्हणजे लगेच धाव. आप्पांनी मला शिकवलं. आता मी समोर बसते, इअरफोनमध्ये पावलं ऐकते, हनुवटी हलवते. आज शेवटच्या तिघांत पोचलो!
विचारलं, ही चीटिंग तर नाही ना? समोरच्यांना कुठे असं कुणी सांगतंय?
आप्पा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, 'त्यासले कान शेतस.'
मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडलेही.

२० जुलै, रवि.
आभार मानायचे तर कुणाचे? गेमचे, की लूमचे? माणूस परत मिळाला. हल्ली आईला हाका मारून स्कोअर दाखवतात, ती पीठ लागल्या हातांनी येऊन बघते.
दुपारी म्हणाले, 'आते मी एकला खेयस. तू तथा बस.' हनुवटी नको, भुवया नकोत. रँक बरीच चढलीय, समोर आता नवखे नाहीत. आपल्याला किती येतं ते एकदा आपल्यालाच कळू दे, म्हणाले.
तिकडे, म्हणजे स्वयंपाकघरात, बसून लिहितेय. स्पीकर फुल आवाजात. चौघंच उरलेत. पावलं जवळ येतायत. मला ऐकू येतायत, शेजारच्या घरातही जात असतील. माझ्या भुवया आपोआप वर गेल्या, आणि दारातून आप्पांना माझा चेहरा दिसतो.
मी तोंड भिंतीकडे करून बसलेय.